नारोबाअण्णांची दोन गाठींची सुतळी

श्री. नारोबा राव यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या मैलापूरच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत झाली. मी तेव्हा नुकताच सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईत आलो होतो. वेलचेरीत तिघांत एक फ्लॅट घेऊन राहत होतो आणि दिवसभर मोबाईलच्या पडद्यांची मांडणी करत होतो. छोट्या मॉडेल रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं, म्हणून इथल्या हौशी मंडळाचा पत्ता शोधत गेलो. खोलीभर पसरलेल्या टेबलावर तंजावरकडचं एक लहानसं स्टेशन उभं होतं. फलाट, पाण्याची टाकी, बोटाएवढे डबे. नारोबाअण्णा रेल्वेच्या डब्यांचे नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि मंडळाच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादक. त्यांनी माझं नावगाव विचारलं, कापी, म्हणजे कॉफी, आणवली आणि माझ्या हातात एका सुतळीचं टोक दिलं.

त्या सुतळीचं दुसरं टोक छपाईआधीच्या एका पानाला बांधलेलं होतं आणि तिला दोन गाठी होत्या. पहिली गाठ, आपण बारीक स्क्रू डोळ्यांपासून जितका लांब धरतो तितक्या अंतरावर. दुसरी गाठ, दोन्ही हात कामात असताना मासिक टेबलावर जितकं लांब उघडं असतं तितक्या अंतरावर. दुसरी गाठ कानशिलाशी धरायची, सुतळी ताणायची आणि वाचायचं.

"हें मांडीवर घेऊन वाचायाचें पुस्तक न्हवे पा," अण्णा त्यांच्या घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले. "एका हातांत तार, एका हातांत सोल्डरिंग आयर्न. तेव्हां वाचायाचें."

मी घडाघडा वाचून दाखवलं. अण्णा हसले. "तरण्या डोळ्यांचा भरंवसा नाहीं. रंगनाथन सर वाचूं देत, मग छापूं."

रंगनाथन सर म्हणजे मंडळातले सर्वांत वयस्क सभासद, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी दुसऱ्या गाठीपासून वाचल्याशिवाय एकही पान छापायला जात नसे. अण्णांचे नियम साधे होते. अक्षर काळंभोर आणि ठसठशीत. कागद न चकाकणारा. चित्रावर मजकूर नाही. आकृतीतल्या तारा निव्वळ रंगानं ओळखायला लावायच्या नाहीत. एक सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तिचं नाव. नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या माणसाची ही शिस्त होती.

गौरवलेखात रागावू नये असं म्हणतात. मला क्षमा असावी, यापुढे मला रागावल्यावाचून लिहिता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या कार्यकारिणीला वाटलं, मासिक 'तरुण' दिसायला हवं. चकचकीत कागद आला. करड्या पानावर करडी अक्षरं आली. आकृत्यांत फिकट पिवळी तार, तिच्या शेजारी फिकट नारिंगी तार. म्हाताऱ्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मोबाईलवर मोठं करून बघतील की!" ज्यांच्या वर्गणीवर आणि ज्यांच्या लेखांवर हे मासिक उभं राहिलं, त्यांना एका वाक्यात गाडीतून खाली उतरवलं. अण्णांनी एवढंच विचारलं, "सुतळी लावून बघितलें कीं?" सगळी बैठक हसली.

मीही हसलो. ती पानं मीच मांडली होती. मोठ्या पडद्यावर, थंडगार ऑफिसात बसून, तरण्या डोळ्यांनी. तेव्हा कुणी माझ्या एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच अंकात घात झाला. त्यातल्या एका आकृतीत एक तार रुळांकडे जाणारी होती आणि दुसरी, जास्त जोराच्या विजेची, रुळांचे सांधे बदलणाऱ्या कॉइलकडे. रंगनाथन सरांनी मासिक समोर ठेवून तारा जोडल्या आणि पिवळी-नारिंगीची अदलाबदल झाली. इंजिन थोडा वेळ गुरगुरलं, मग धूर आला. सरांच्या दिवंगत पत्नीनं त्यांच्या निवृत्तीला भेट दिलेलं ते इंजिन होतं. कार्यकारिणीची प्रतिक्रिया काय? "सरांनी मोतीबिंदू दाखवून घ्यावा."

अण्णा मला बरोबर घेऊन सरांकडे गेले. दारातच सर माझा हात धरून म्हणाले, "तंबी, एन कण्णु दान् तप्पु." पोरा, चूक माझ्याच डोळ्यांची. ऐंशीच्या घरातला तो शिक्षक, ज्यानं आयुष्यभर पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, तो माझी चूक स्वतःच्या डोळ्यांवर घेत होता. त्या वाक्याची चीड आजही माझ्या मनातून जात नाही. सरांची नव्हे, आम्हां सगळ्यांची.

अण्णांनी माझा चश्मा मागून घेतला, सरांच्या आरशापुढच्या बाटलीतलं खोबरेल बोटावर घेऊन दोन्ही काचांवर फिरवलं आणि चश्मा परत माझ्या नाकावर चढवला. मग मासिक टेबलावर ठेवून दुसरी गाठ माझ्या कानशिलाशी धरली.

"आतां वाच."

माझंच पान मला वाचता आलं नाही. कुठली तार पिवळी, कुठली नारिंगी, काही कळेना. "सेरी, बरें," अण्णा म्हणाले आणि खिशातून एक पुडी काढली. आपल्या सर्वांत आवडत्या इंजिनाची मोटर त्यांनी काढून आणली होती. दुपारभर बसून त्यांनी ती सरांच्या इंजिनात बसवली. इंजिन चाललं तेव्हा सरांनी डोळे पुसले. अण्णांनी मात्र लगेच कागद मागितला आणि ती आकृती काळ्या शाईनं, मोठी, पुन्हा काढायला घेतली.

ते काम आजही चालू आहे. संपादक म्हणून त्यांचं नाव मासिकावरून गेलं, पण अंक आला की अण्णा त्यातल्या सगळ्या आकृत्या हातानं मोठ्या काढतात, झेरॉक्स करतात आणि वयस्क सभासदांना पोचवतात. याबद्दल कार्यकारिणीनं त्यांचे कधी आभार मानलेले मला आठवत नाहीत.

आता त्याच कार्यकारिणीनं अण्णांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्याच्या मराठी विभागासाठी मला लेख मागितला. सोबत नमुन्याचं पान आलं. करडी, मुंगीएवढी अक्षरं, आणि मागे अण्णांच्या स्टेशनचा फिकट फोटो. ज्यांचा गौरव, त्यांनाच तो वाचता येऊ नये! मी फोन करून तोंडाला येईल ते बोललो. उत्तर आलं, "एका लेखाचं अक्षर वेगळं केलं तर ग्रंथ एकसारखा दिसणार नाही." मी म्हटलं, "मग सगळाच बदला. नाहीतर माझा लेख परत द्या, आणि शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात हे सगळं मी माइकवरून सांगेन." तिसऱ्या दिवशी पानांची मांडणी माझ्याकडे आली. तुम्ही आत्ता वाचताय तो ग्रंथ त्या भांडणातून निघाला आहे.

अण्णा, तुम्हांला भांडण आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. या एका बाबतीत तुमचं ऐकणार नाही. तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमच्या स्टेशनात गाड्या वेळेवर येत राहोत. आणि कितीही वय झालं तरी छापील कागद हातात धरून 'माझेच डोळे चुकले' असं म्हणायची पाळी आमच्यामुळे तुमच्यावर न येवो.

ग्रंथाची सगळी पानं रंगनाथन सरांनी दुसऱ्या गाठीपासून वाचून पाहिली आहेत. त्यांच्यानंतर, चश्म्याला खोबरेल लावून, मीही.