सॅक्सोफोनवरची टकटक

"अहो, मी सांगते ना, टकटक आहे. पहिल्या तबकडीत आहे, दुसरीत आहे, तिसरीतही त्याच जागी. एकीतच असती तर धूळ म्हटलं असतं."

फोनवर पलीकडं जुन्या टेपवरून गाणी उतरवून घेणारा तंत्रज्ञ होता. ती मूळ टेपमध्येच आहे, वाजवणाऱ्याचं काहीतरी लागलं असेल, राहू द्या की बाई, असं तो परोपरीनं सांगत होता.

"टकटक ऐकायला रेकॉर्ड घेतात का लोक? काढा ती."

कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणायचे. रेकॉर्डी छापायच्या आधी नमुन्याच्या तबकड्या तिच्या टेबलावर यायच्या. दिवसभर हेडफोन लावून बसायचं आणि गाण्यात काय नको ते हुडकायचं, हे तिचं काम. चाल कसली, सूर कसला, तिकडं लक्षच नसायचं. सुईखाली खर्र झालं की हिची मान वर. तबकड्या छापणारा प्रेसवाला म्हणायचा, ही स्वर्गात गेली तरी आधी दाराची बिजागरी करकरते म्हणून सांगेल.

पण ही रेकॉर्ड निराळी होती. वेष्टनावर सॅक्सोफोन घेऊन उभा असलेला माणूस तिचा बाप होता. जॅझची ही एकच रेकॉर्ड त्यांच्या नावावर, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाल्यावर कंपनीला ती पुन्हा काढायची बुद्धी झाली. ते घरी वाजवायला बसले की ही लहानपणी डोक्यावर उशी घेऊन पडायची. मोठी झाल्यावर चपला घालून सरळ बाहेर. कधीतरी समोर बस की गं, असं ते म्हणायचे. ती कधी बसली नाही. त्या रेकॉर्डची घरातली एकुलती एक जुनी प्रत आईनं वाजवून वाजवून अशी झिजवली होती, की हिलासुद्धा त्यात सूर कुठला आणि खरखर कुठली ते कळत नसे.

म्हणून ही नवी रेकॉर्ड अगदी आरशासारखी निघायला हवी, असा तिनं हट्टच धरला. मालकाला सांगून तपासणी आपल्याकडं घेतली. जे ऐकलं नाही ते निदान साफ तरी करावं. तंत्रज्ञानं टकटक काढली, नवे साचे आले, सगळा माल छापून झाला. पहिली तबकडी घेऊन ती आईकडं गेली.

आई खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत होती. दुसऱ्या बाजूचं संथ गाणं लागलं. एक लांबलेला सूर संपला आणि आईनं भुवया आवळल्या. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावलं.

"अंगठी कुठं गेली?"

"कसली अंगठी?"

"ह्यांची गं. सूर सोडताना बोट उचललं की पितळेवर वाजायची. काढून ठेवा म्हणून किती डोकं खाल्लं मी. बोट जाड झालंय, निघत नाही, म्हणायचे." आई हसली. "न निघायला काय झालं होतं? आंघोळीच्या वेळी बरी निघायची."

साफ करताना गेली असेल, एवढंच हिला म्हणता आलं. कुणाच्या सांगण्यावरून, ते काही जिभेवर येईना. आईनंही विचारलं नाही. गाणं संपायच्या आत तिनं सुई उचलून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ही कारखान्यात शिरली ती थेट प्रेसकडं. आधीचे नमुने कुठं आहेत म्हणून विचारलं.

"तूच नापास केलेस ना? भरड झाली त्यांची." प्रेसवाल्यानं काळ्या दाण्यांच्या पिंपाकडं बोट केलं. "हुडक यात, असतील कुठंतरी."

तंत्रज्ञाला फोन केला. काढून टाकलेलं मी ठेवत नाही, तो म्हणाला, कुणाला हवं असतं? टेप कंपनीच्या कोठारात परत गेली होती, आणि एवढ्याशा आवाजासाठी ती कुणी पुन्हा बाहेर काढणार नव्हतं. मी तुम्हाला सांगत होतो, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

टेबलावर दुसऱ्याच कुणाच्या तरी रेकॉर्डचे नमुने येऊन पडले होते आणि तिच्यावाचून प्रेस अडला होता. तिनं हेडफोन चढवला, वरची तबकडी कडेनं उचलली आणि सुईखाली ठेवली.