गंगापूर रोडवरचा सैतानवादी

नाशिकची तरुण मुलं सैतानाकडे वळताहेत, अशी बातमी मला हवी होती. मथळा आधीच तयार होता. एक सैतानवादी गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीवर भेटायला तयार झाला. मी लाल डोळ्यांची अपेक्षा ठेवून गेलो. समोर आला इस्त्रीच्या शर्टातला, तिशीचा साधा माणूस. गळ्यात बोकडाच्या तोंडाचं लॉकेट. टपरीवर कोणी आलं, की तो ते शर्टात सरकवायचा.

"बळी कुठे देता?" मी विचारलं.

"सर, मी अंडंही खात नाही."

मग फुंकर मारत चहा पीत त्याने सांगितलं, की हा पंथ साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेत निघाला. त्यातले बरेच जण सैतान खरा आहे असं मानतच नाहीत. त्यांच्यासाठी तो कोणापुढेही मान न झुकवण्याची खूण. मुलांना तेच आवडतं.

"फक्त फोटो नको. घरमालकाने पाहिला तर खोली जाईल."

मी मान डोलावली. फोटो तोवर गुपचूप काढून झाला होता.

निघताना त्याने माझ्या स्कूटरकडे पाहिलं. शनिवार होता, सकाळीच ताजी लिंबू-मिरची बांधली होती.

"सर, सैतानाला तुम्ही मानता. मी नाही."

संध्याकाळी संपादकांनी विचारलं, "काय रे, सापडला का सैतान? फोटो?"

"नाही सापडला," म्हणालो आणि फोटो पुसून टाकला.

लिंबू-मिरची अजूनही दर शनिवारी बांधतो. त्या टपरीवर गेलो, की गाडी मात्र जरा लांब लावतो.