शिमग्यातलं डायलिसिस

वेदिकाला डायलिसिस सेंटरची इनचार्ज व्हायचं होतं, आणि ती ते लपवतही नव्हती. मंडणगडाकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी कोर्स करून रत्नागिरीच्या एका खासगी हॉस्पिटलात टेक्निशियन म्हणून लागली, त्याला बरीच वर्षं झाली होती. पगार असा, की मिरजोळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी तिची रूममेट तिच्याहून जास्त पैसे घरी पाठवायची. इनचार्जला मात्र जवळजवळ दुप्पट. पण त्या खुर्चीवर मुंबईचाच माणूस आणून बसवायची हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांना भारी हौस! तो यायचा, वेदिका त्याला एकेक पेशंट समजावून द्यायची, आणि एक पावसाळा काढला की स्वारी बॅग भरायची. असे तिघे झाले. आपल्याच साहेबाला शिकवून तयार करायचा तिला आता वीट आला होता.

चौथ्याचा शोध चालू होता आणि शिमगा तोंडावर आला. ग्रामदेवतेची पालखी दारात येणार आणि घरचा माणूस हॉस्पिटलात झोपणार, हे कोकणात कुणाला पटायचं? गेल्या शिमग्यात दोघा पेशंटांनी डायलिसिसचा वार चुकवला होता आणि मग दम लागल्यावर त्यांना उचलून आणावं लागलं होतं. तेव्हा सगळ्यांनी त्यांना रागावून घेतलं. रागवायला काय लागतं!

वेदिकाने यंदा प्रत्येक पेशंटला एकच विचारलं, "पालखी तुमच्या दारात कधी?" गावागावाची पालखी वेगळ्या दिवशी फिरते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण त्याचा असा उपयोग कुणी केला नव्हता. डॉक्टरांना विचारून, कुणाच्याही दोन डायलिसिसमध्ये जास्त अंतर पडणार नाही असं बघून, तिने वारांची अदलाबदल लावली. गोदूबाईंचा वार केरूआजोबांना, त्यांचा गोदूबाईंना.

"माज्या खाटंवर तो? विड्या वडतो मेला!" गोदूबाई कडाडल्या.

"खाट काय तुज्या म्हायेरची हाय?" आजोबा म्हणाले. पण दोघंही कबूल झाली.

शिमगा पार पडला. एकाचाही वार चुकला नाही, कुणाला दम लागला नाही, आणि सगळ्यांनी आपापल्या दारात देवीची ओटी भरली.

मग वेदिका डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. बोलली ठणठणीत. "सर, चौथा शोधू नका. इनचार्ज मला करा. पगार त्याला देणार होतात तोच."

डॉक्टर हसले. "तू इथलीच गं. थोडं कमी घेतलंस तर?"

"इथली आहे म्हणून तर शिमगा निभावला, सर. आणि त्याचेच पैसे कापता होय?"

डॉक्टरांनी ऑफिसात फोन लावला आणि वेदिकाच्या नावाने पत्र टाइप करायला सांगितलं, पूर्ण पगाराचं.

ती बाहेर आली तेव्हा तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या. खाटांवरचे सगळे तिच्याकडेच बघत होते.

"झाली इनचार्ज!" तिने सांगून टाकलं.

टाळ्या पडल्या, पण केरूआजोबांचा चेहरा उतरला. "म्हंजे आता तू खुर्चीत बसनार. आमाला सुई कोन लावनार गो?"

"मीच लावणार. हात पुढे करा."

आजोबांनी हात पुढे केला आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मग पेढे आन. आमाला पथ्य हाय, पन वास घ्यायला डॉक्टर काय नाय म्हननार नाय!"