मोगऱ्याची टोपली

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. मी चौथीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. देवनागरी अप्पांनी घरी पाटीवर शिकवली, तेवढीच.

आजारात मला वाटायचं, फुलांत कुणीतरी विष घातलंय. कानात तसं सांगणारा आवाजही यायचा. एका सकाळी मी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या फुलवालीची मोगऱ्यानं भरलेली टोपली उचलली आणि कालव्यात ओतली. डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं. गोळ्यांनी आवाज विरला, पण त्या गल्लीत पाय टाकायचा धीर होईना. वर्षभर लांबच्या वाटेनं जायचे.

आई म्हणाली, "मी देऊन टाकते तिचे पैसे."

आमच्या गुरुवारच्या गटाच्या समाजसेविका अक्का म्हणाल्या, "नको अम्मा. तिला स्वतः जाऊ दे. आधी इथं सराव करू."

गट भरायचा तो दवाखान्यामागचा हॉल अजून डोळ्यांपुढे येतो. करकरणारा पंखा, खळीचा वास. आम्ही आठ जण, सगळे याच आजाराचे, कागदी पिशव्या चिकटवायचो. त्याचे थोडे पैसे मिळायचे. मग सराव. गटातले म्हातारे कंडक्टर मामा फुलवाली व्हायचे. डोक्यावर टॉवेल घेऊन सुतळी कोपरापासून बोटापर्यंत मोजायचे. इथं फुलं अशीच हातावर मोजून विकतात.

"ये गं टोपलीचोर! पैसे आणलेस?"

सगळे हसायचे. मी मान खाली घालून पिशव्या चिकटवत राहायचे. एकदा मात्र म्हटलं, "मामा, ती इतकी ओरडत नाही."

"बघा, बोलली! आता तिच्यासमोर बोल."

पहिल्यांदा गेले तेव्हा फुलवालीपुढे नोटा ठेवून पळालेच. दुसऱ्या खेपेला कसंबसं म्हटलं, "तेव्हा मी आजारी होते. चुकले."

ती हार गुंफत म्हणाली, "आजारी होतीस ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पळू नको. बस जरा."

मग दर महिन्याला पिशव्यांचे पैसे घेऊन जायचे आणि तिच्याजवळ बसायचे.

आता अक्कांची बदली झाली, गटही राहिला नाही. हॉलमध्ये खोकी रचून ठेवलीत. गुरुवारी अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. मामांना सांगायचं राहूनच गेलं, की शेवटच्या खेपेला फुलवालीनं नोटा कमरेला खोचल्या, हातभर मोगरा मोजला आणि माझ्या केसांत माळला. त्याचे पैसे काढू लागले, तर तिनं माझी मूठ मिटली.

"ठेव," ती म्हणाली. "टोपलीचे सगळे फिटले."