चकतीताईंची सातवी चकती

इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्यांनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. काचेच्या बशीतल्या जेलीवर रुग्णाचे जंतू पसरायचे, वर सात निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या सकाळी जिच्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं दिसेल, तिच्यातलं औषध लागू. म्हणून सगळे त्यांना चकतीताई म्हणत.

त्या सकाळी बशीवर त्यांच्या आईचं नाव होतं. तीन दिवस म्हातारी वरच्या मजल्यावर तापाने फणफणत होती. ताईंनी बशी उजेडात धरली. पहिल्या चकतीला कडं नाही. दुसरीला नाही. तिसरीला नाही. सहावीपर्यंत तेच. भिंतीला शेवाळ धरावं तसे जंतू चकत्यांना खेटून वाढलेले.

त्यांना घरच्या कपाटातला बिस्किटांचा डबा आठवला. ताप उतरला रे उतरला की आई गोळ्या बंद करायची आणि उरलेल्या त्यात टाकायची. "अन्न असो की औषध, वाया घालवू नये." पुढच्या दुखण्याला त्यातल्याच दोन.

"अगं, लाखात एखादा जंतू जन्मतःच चिवट असतो," ताई करवादायच्या. "अर्धवट औषधाने मऊ तेवढे मरतात, तो उरतो, आणि मग त्याचीच पोरंबाळं सगळीकडे!"

"म्हणजे तुझ्या बापाचं घराणं," आई म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या. हसण्यावारीच गेलं सगळं. डबा रिकामा करायला दोन मिनिटं लागली असती.

सातव्या चकतीकडे बघवेना. देवाचं नाव घेऊन त्यांनी डोळे उघडले. कडं होतं, पण चिंचोळं. त्यांनी मोजपट्टी लावली. तीनदा मोजलं तेव्हा खात्री पटली. लागू, पण अगदी काठावर.

डॉक्टरांनी त्याच औषधाची दहा दिवसांची इंजेक्शनं लिहिली. चौथ्या दिवशी ताप उतरला.

"बरं वाटतंय गं," आई म्हणाली. "आता पुरे. उरलेली घरी नेऊ, कामी येतील."

या वेळी ताई हसल्या नाहीत. आईचा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "आई, आठवी चकती नाहीये गं आमच्याकडे."

म्हातारीने स्वतःच बाही वर सरकवली.