डॉक्टरमंडळाची घंटा

माझा मामा डॉक्टरमंडळात शिपाई होता. गावातले डॉक्टर दर महिन्याला मंडळाच्या सभागृहात जमायचे. पहिल्या अध्यक्षांनी आणलेली पितळी घंटा वाजल्याशिवाय सभा सुरू व्हायची नाही. घंटा कपाटात आणि कपाटाची किल्ली मामाच्या कमरेला. घासायला घेण्याआधी तो तिला हात जोडायचा.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इतिहासाचं पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठासाठी फोटोवाला आला, कपाट उघडलं, तर घंटा नाही!

"मोडीत काढलीस काय रे?" एका डॉक्टरांनी हसत विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"समारंभापर्यंत आण, नाहीतर किल्ली ठेवून जा," सेक्रेटरी म्हणाले.

घरीही तेच. मामी ट्रंक उपसत बसलेली.

"काय शोधतेस?"

"तुमचा स्वेटर."

"भर उन्हाळ्यात?"

मामीने ट्रंकेचं झाकण लावलं. मामाचा स्वतःचा संशय झाडूवालीपासून सेक्रेटरींपर्यंत फिरून आला. मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ, थोरल्या डॉक्टरांनी मागच्या सभेनंतर चष्मा राहिला म्हणून किल्ली मागून घेतली होती, पण त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे पापच.

समारंभाच्या आदल्या दिवशी थोरल्या डॉक्टरांच्या पत्नी मामाच्या घरी आल्या. पिशवीतून घंटा काढली.

"जेवायला बसलं की वाजवतात. मला म्हणतात, सभासदांनी शांतता राखावी." बाई हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "उद्या सत्कार आहे त्यांचा. कुणाला सांगू नका, भाऊ."

"एवढे डॉक्टर शेजारी बसतात, कुणाला कळलं नाही?" मामीने विचारलं.

"थोरल्यांची नाडी कोण बघणार, वहिनी?"

दुसऱ्या दिवशी मामाने घंटा टेबलावर ठेवली. "कपाटामागे पडली होती."

"कपाट तर भिंतीत बसवलेलं आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि हात पुढे केला. मामाने किल्ली दिली.

सत्काराला थोरले डॉक्टर घंटा वाजवतच राहिले. लोकांना वाटलं, कौतुकाने वाजवताहेत. मामाने हळूच त्यांचा हात धरला. "झाली सुरू सभा, साहेब."

समारंभानंतर निघालेल्या पुस्तकात छापून आलं, घंटा गहाळ झाली होती, ती शिपायाकडून परत मिळाली. मामी चिडली. "आता तरी सांगून टाका!"

मामा म्हणाला, "देवाला माहीत आहे, तुला माहीत आहे. आणखी किती सभासद हवेत?"

आता थोरले डॉक्टर नाहीत, बाई नाहीत, मामाही नाही. म्हणून मी लिहिलं.