खरेदीखतातली कुमुद

अलकनंदाबाई तासकरांच्या घरातून कागद कधी टाकला जात नसे. अडुसष्ट साली लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या, तेव्हापासूनची रेशनकार्डं, गॅसची पहिली पावती, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या चाव्या परत केल्याची पोच, सगळं एका पत्र्याच्या पेटीत नीट लावलेलं. नवरा, विनायकराव, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. फायलींत जन्म गेलेला माणूस. कागद पक्का असला की आपलं कुणी काही वाकडं करू शकत नाही, असं ते सांगत आणि बाई ते खरं मानत. दिल्लीवाल्यांनी दूधवाल्यापासून साहेबापर्यंत तासकरांना जन्मभर 'तस्कर' म्हटलं, पण त्या चेष्टेपायी कुणाचं काम अडलं नाही. काम अडलं ते वेगळ्याच नावापायी.

बाईंचं माहेरचं नाव कुमुद. बारा मे अडुसष्टला, लग्नात, विनायकरावांनी रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं 'अलकनंदा' लिहिलं आणि वीस वर्षांची कुमुद तिथं संपली. कारण साधंच होतं. थोरल्या जावेचं नावही कुमुद, आणि एका घरात दोन कुमुद असल्या तर हाक कुणाला मारली ते कळणार नाही, असं सासूबाई म्हणाल्या. मुलीला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आता तरी कुठं आहे म्हणा.

सत्त्याऐंशी साली विनायकरावांनी गाझियाबादला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. खरेदीखत, तिकडचा बैनामा, करायला ते एकटेच गेले. घेणाऱ्याचा फोटो नको, सही नको, असे ते दिवस होते. दुपारी परत आले आणि त्यांनी कागद बायकोच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, 'श्रीमती कुमुद तासकर, पत्नी श्री विनायक तासकर'.

"तुझं नाव मी काढून घेतलं होतं. घराबरोबर परत दिलं," एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले.

ही साडी तुला बरी दिसते, एवढंही ज्यानं कधी म्हटलं नाही असा हा माणूस. बाई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, आणि सुखानं रडल्या. पुढे कितीतरी दिवस त्या पेटी उघडून ती ओळ वाचून येत. रेशनकार्डावर अलकनंदा, मतदारयादीत अलकनंदा, बँकेत अलकनंदा. कुमुद नावाच्या बाईचा सरकारदरबारी दुसरा एकही कागद नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. फायलींत मुरलेला माणूस नेमका त्या एका दिवशी हळवा झाला, आणि ते निस्तरणं बाईंच्या वाट्याला आलं.

विनायकराव दोन हजार तेरा साली गेले. "घर तुझ्याच नावावर आहे. माझ्यामागे तुला कुठल्या कचेरीची पायरी चढावी लागणार नाही," असं त्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं. तीन वर्षं त्यात काही खोटंही ठरलं नाही. घरपट्टी कुमुदच्या नावानं येई, बाई भरत. घेणारा कधी विचारत नाही की भरणारी कोण.

मग गुडघे गेले. लिफ्ट नाही, बाई अडुसष्ट वर्षांच्या, घरात दुसरं कुणी नाही. नाशिकच्या एका वृद्धाश्रमानं तळमजल्यावरची खोली देऊ केली. खिडकीशी पारिजातक आहे आणि जेवायला वरणभात असतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. बाईंना तेवढं पुरे होतं. खोली दिवाळीपर्यंत राखून ठेवतो, अनामत तोवर भरा, म्हणाले. अनामत भरायची तर फ्लॅट विकायला हवा. श्याम नावाच्या दलालानं महिन्याभरात गिऱ्हाईक आणलं. बँकेचं कर्ज काढून घर घेणारा सरळ माणूस होता. बँकेच्या वकिलानं कागद चाळले आणि चष्म्यावरून विचारलं, "ये कुमुद कौन हैं?"

"मैं," बाई म्हणाल्या.

"और अलकनंदा?"

"वो भी मैं."

वकील हसला नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं दाखवणारा एखादा जुना सरकारी कागद आणा, म्हणाला. बाईंनी शपथपत्र केलं, पण आपणच आपल्याबद्दल लिहिलेलं ते बँकेला चालेना. माहेरच्या शाळेला पत्र घातलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं की पासष्ट सालापूर्वीची रजिस्टरं वाळवीनं खाल्ली, सबब दाखला देता येत नाही. लग्नाची नोंद झालेली नव्हती. भटजी, मामा, लग्नपत्रिका, काहीच उरलं नव्हतं. त्या मांडवातला जिवंत माणूस एकच, नागपूरचे धाकटे दीर भालचंद्र. बाईंनी त्यांना फोन लावला.

"भावजी, माझं माहेरचं नाव आठवतं ना तुम्हाला?"

"तुमचं? अलकनंदा वहिनी."

"ते सासरचं. लग्नाआधीचं. कुमुद."

"कुमुद म्हणजे थोरल्या वहिनी ना? त्यांना तर जाऊन झाली की हो पुष्कळ वर्षं." मग बिचारे ओशाळले. "तुम्ही म्हणाल तसं लिहून देतो वहिनी. पण वकिलानं विचारलं तर मला खरंच आठवत नाही."

फोन ठेवून बाई तशाच बसून राहिल्या. आपलं वीस वर्षांचं आयुष्य आपल्याखेरीज कुणाच्याच डोक्यात शिल्लक नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना भीती वाटली, आणि ती भीती मरणाच्या भीतीहून वाईट होती.

कोर्टात दावा लावायचा तर चार-पाच वर्षं. श्यामनं मग दुसरी वाट सांगितली. तो माणूस वाईट नव्हता. चहा मागवून, खुर्ची पुढे ओढून त्यानं समजावून सांगितलं.

"माताजी, कुमुद को ज़िंदा साबित करने में पाँच साल लगेंगे. मरी हुई साबित करने में पंद्रह दिन." कुमुद ही तस्करसाहेबांची पहिली बायको. ती वारली, घर नवऱ्याकडे आलं. नवरा वारला, घर दुसऱ्या बायकोकडे आलं. दुसरी बायको तुम्ही. मृत्यूचा दाखला मी गावाकडून आणतो. कायद्याला हे सगळं बिल्कुल पटतं.

बाईंनी चहा तसाच ठेवला आणि त्या उठल्या. "माझ्या नवऱ्यानं एकच लग्न केलं," असं त्या मराठीत म्हणाल्या. श्यामला ते समजलं नसावं.

दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात दुधाची पिशवी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचा गुडघा आखडला. त्या पायरीवर बसल्या. वरच्या घरांतली माणसं कामाला गेलेली. हाका मारल्या, मग लाज वाटून थांबल्या. सव्वा तासानं कुरिअरवाला आला, त्यानं हाताला धरून त्यांना घरी पोचवलं. तोवर त्यांना आवरलं नव्हतं, साडी ओली झाली होती. त्या परक्या माणसानं तिकडे पाहिलं न पाहिलंसं केलं, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी श्यामला फोन केला.

दस्त लिहिणारा मुन्शी कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली कॉम्प्युटर घेऊन बसला होता. त्यानं बाईंना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. असे कागद तो रोज करत असावा. त्याचा हात भराभर चालत होता.

"पहली पत्नी की मृत्यु की तारीख?"

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बारा मई, अड़सठ."

मुन्शीनं मान हलवली. "मकान सत्तासी में लिया है, माताजी. मरी हुई औरत बैनामा कैसे कराएगी? उसके बाद की दीजिए." आणि त्यानं स्वतःच एकोणनव्वद सालची एक तारीख टाकली. आजार, अल्पकालीन. मग म्हणाला, "तो आपकी शादी नब्बे की लिख देता हूँ. साल भर तो रुके होंगे साहब."

बाईंनी बोटांवर हिशेब केला. अडुसष्ट ते नव्वद, बावीस वर्षं. लक्ष्मीबाई नगरची सगळी वर्षं त्यात गेली. कूलरमध्ये पाणी भरून रात्री अंगणात टाकलेल्या खाटा, बंबात तापवलेलं पाणी, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, आणि घराचा कागद हातात आला ती दुपारसुद्धा. सगळं आता दुसऱ्या कुणा बाईचं. त्यांनी हुं म्हटलं.

"संतान?"

"नहीं है," श्याम मध्येच म्हणाला. "निःसंतान लिखो."

"एक मुलगी झाली होती," बाई म्हणाल्या, आणि मग हिंदीत बोलल्या, "एक बेटी हुई थी. ग्यारह दिन की थी, चली गई."

श्यामनं मान खाली घातली. मुन्शीचा हात थांबला, पण काम ते काम, त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "किसको हुई थी माताजी? पहली को या दूसरी को?"

बाईंच्या डोळ्यांपुढे सफदरजंग हॉस्पिटलमधला तो वॉर्ड आला, आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड. बारशाच्या आदल्याच दिवशी गेली ती. नाव ठेवायचं राहून गेलं होतं. सरकारी कागदावर तीही कुठं नव्हती. त्र्याहत्तर साल. कुठूनही मोजलं तरी ती नव्वदच्या आधीच येत होती.

"पहली को," त्या म्हणाल्या.

"तो छोड़ दें? कानूनन ज़रूरत तो नहीं है."

"नहीं. लिखिए."

मुन्शीनं लिहिलं की मृत कुमुदला एक कन्या झाली होती, ती शैशवातच मरण पावली, आणि सदर दोघींशी शपथपत्र करणारीचं रक्ताचं नातं नाही. कागद बाहेर आला तेव्हा गरम होता. बाईंनी तो दोनदा वाचला आणि त्यानं बोटानं दाखवलेल्या जागी, वळणदार अक्षरात, अलकनंदा तासकर अशी सही केली.